राजधानी थांबवणारे ट्रॅकमन आणि काहीच न घडलेल्या रात्री

सप्टेंबर २०२४ चा पहिला आठवडा. उत्तर कन्नड जिल्ह्यात, कोकण रेल्वेच्या कुमठा आणि होन्नावर या स्थानकांच्या दरम्यान, पहाटेच्या अंधारात लाईन तपासत चाललेल्या एका ट्रॅकमनना रुळाच्या एका जोडावर वेल्डिंगच नसल्याचं दिसलं. तिरुअनंतपुरम-दिल्ली मार्गावरची राजधानी एक्स्प्रेस त्याच पट्ट्याकडे येत होती. त्यांनी आधी कुमठा स्थानकाला कळवलं. पण गाडी स्थानक सोडून पुढे निघाली होती, त्यामुळे सिग्नल लाल करून तिला अडवण्याची वेळ टळली होती. मग त्यांनी थेट लोको पायलटशी संपर्क साधायचा प्रयत्न केला, तोही लागला नाही. तेव्हा ते रुळांवरून गाडीच्या दिशेने धावत सुटले. सुमारे अर्धा किलोमीटर, पाच मिनिटांत. गाडी थांबली, जोडाचं काम झालं आणि राजधानी पुढे गेली. कोकण रेल्वेचे अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक संतोष कुमार झा यांनी त्यांना १५ हजार रुपयांचं बक्षीस जाहीर केलं.

त्यांचं नाव तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. इथे मी त्यांना ट्रॅकमन एवढंच म्हणणार आहे, कारण मला जे मांडायचं आहे ते त्यांच्या हुद्द्याविषयी आणि त्या हुद्द्यावर रात्रंदिवस लाईनवर असणाऱ्या सगळ्यांविषयी आहे. बातमीत धाव आली, बक्षीस आलं. धावण्याआधीचं काम मात्र एका वाक्यात आटोपलं, आणि या प्रकरणातलं सगळ्यात मोठं कसब मला तिथेच दिसतं.

जोड दिसला कसा

रूळ एकमेकांना जोडायची जुनी रीत म्हणजे दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या, म्हणजे फिशप्लेट, लावून बोल्ट आवळायचे. गाडीचा तो ओळखीचा ‘खटक-खटक’ ठेका त्या सांध्यांमुळे येई. आता रूळ वेल्ड करून लांबच लांब सलग केलेले असतात. जागेवर वेल्ड करायचा तर दोन रुळांच्या मधल्या फटीत वितळलेला धातू ओततात आणि तो थंड झाल्यावर घासून गुळगुळीत करतात. रुळाच्या डोक्यावरून बघितलं तर चांगला वेल्ड जवळजवळ कळतही नाही. दिवसा, उभं राहून, निवांत बघणाऱ्यालाही तो शोधावा लागतो.

हे रात्री करायचं आहे, चालता चालता, हातातल्या बॅटरीच्या झोतात. दोन रूळ आहेत, प्रत्येकाला आतली आणि बाहेरची बाजू आहे, रुळांखालच्या प्रत्येक आडव्या स्लीपरवर रूळ धरून ठेवणाऱ्या क्लिपा आहेत. किलोमीटरमागे सर्वसाधारणपणे १६६० स्लीपर. एवढ्या सारख्या दिसणाऱ्या गोष्टींमधून एक वेगळी गोष्ट नजरेला टोचली पाहिजे. आणि ती टोचते कुणाला? ज्याला ती लाईन एरवी कशी दिसते ते पाठ आहे त्याला. नवख्याच्या हातात त्याहून मोठा दिवा दिला तरी त्याला जोड दिसेल, उणीव दिसेलच असं नाही.

माझ्या आजोळाजवळून, संगमेश्वर तालुक्यातून, कोकण रेल्वेची लाईन जाते. तिथे रुळांची देखभाल करणाऱ्या गँगवर मुकादम होऊन निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात, वाडीतले सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांच्याशी बोलताना मला या नजरेचा थोडा अंदाज आला. ते म्हणतात, पायाला आधी कळतं. एखाद्या स्लीपरखाली खडी बसली नसली, खाली चिखल झाला असला, तर त्यावर पाय पडल्यावर तो किंचित डुलतो. ढिल्या क्लिपेवर हातोडी मारली की आवाज बोदा येतो, घट्ट असली की खणखणीत. मी विचारलं, “आबा, पावसाळ्यात रात्री एकट्याने कटिंगमधून जाताना भीती नाही वाटायची?”

“काळोखाची सवय होते रे. पाण्याकडे लक्ष ठेवायचं,” ते म्हणाले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर कुठल्याही बातमीत वाचलेलं नाही. कटिंगच्या, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या वाटेच्या, उतारावरून पावसाळाभर पाणी झिरपत असतं. ते स्वच्छ असेल तर ठीक. तेच पाणी तांबूस, गढूळ झालं तर आतली माती सुटायला लागलीय असं समजायचं. दगड एकदम येत नाही, आधी बारीक खडे येतात. काल सरळ असलेलं झुडूप आज लाईनकडे कललंय का, गटारात नवी माती साचलीय का, हे बघायचं. जांभ्याच्या मातीत हे फार लवकर होतं. आबांचं शिक्षण जेमतेम सातवीपर्यंतचं, पण उतार कोसळण्याआधी काय काय दाखवतो याची त्यांची यादी एखाद्या भूवैज्ञानिकाने लिहून घ्यावी अशी आहे.

गस्त काय असते

कोकण रेल्वेचा रोहा ते मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्ग सुमारे ७४० किलोमीटरचा. ९१ बोगदे, लहानमोठे मिळून जवळपास २००० पूल आणि मधे डोंगर कापून काढलेले कटिंग. १९९८ साली हा मार्ग पूर्ण खुला झाला. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कटिंगमधून दरड रुळावर आली, कारवारहून मुंबईला निघालेली विशेष गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. वर्ष होण्याआधीच, १६ जून २००४ रोजी, रायगड जिल्ह्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस रुळावर आलेल्या दगडांमुळे पुलाजवळ घसरली, तिथेही माणसं गेली. त्या दोन पावसाळ्यांनी कोकणातल्या माणसाच्या मनात रेल्वेविषयी जी धास्ती बसवली ती मला आठवते. मुंबईहून जूनमध्ये कुणी निघालं की घरचे पोहोचल्याचा फोन येईपर्यंत जागे असायचे.

पुढे उतारांना जाळ्या लागल्या, दगड उतरवले गेले, उतार मंद केले, पावसाळी वेळापत्रक आलं. वर्षानुवर्षं ते १० जून ते ३१ ऑक्टोबर चालायचं, २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर झालं. पानवलच्या उंच पुलावर, मांडवी, झुवारी आणि शरावतीवरच्या पुलांवर वारा मोजायची यंत्रं बसली. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली अशा स्थानकांवर पर्जन्यमापक आले. काळ, सावित्री, वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी वाढली की इशारा देणारी व्यवस्था झाली. जोराच्या पावसात समोरचं दिसत नसेल तर गाडी ताशी ४० किलोमीटरवर आणायच्या सूचना लोको पायलटना असतात.

आणि या सगळ्याच्या जोडीला चालणारी माणसं. धोकादायक कटिंगपाशी २४ तास बसणारे पहारेकरी आणि ठरलेल्या पट्ट्यात रात्रभर येरझारा घालणारे गस्तवाले. त्यांच्याकडे तीन रंग दाखवणारी हातबत्ती, बॅटरी, झेंडे, शिट्टी, डिटोनेटर आणि गस्तीची वही असते. डिटोनेटर म्हणजे रुळावर बांधायचा फटाका. गाडीचं चाक त्यावरून गेलं की मोठा आवाज होतो आणि लोको पायलटला पुढे धोका असल्याचं कळतं. नियम असा की अडथळ्यापासून ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन डिटोनेटर लावायचे. एकेरी मार्गावर गाडी दोन्हीकडून येऊ शकते, त्यामुळे आधी कोणत्या बाजूला पळायचं हे वेळापत्रक डोक्यात ठेवून ठरवावं लागतं.

वहीची रीत मला फार आवडते. एका पट्ट्याचा गस्तवाला आपल्या हद्दीच्या टोकाला पोहोचतो, पलीकडच्या पट्ट्याचा समोरून येतो, दोघे वह्यांची अदलाबदल करतात आणि आपापल्या वाटेने परत फिरतात. अशी वही हातोहात स्टेशनमास्तरपर्यंत जाते, तिच्यावर वेळ पडते, सही पडते. गस्तवाला ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांत स्थानकावर आला नाही, तर काहीतरी बिघडलंय असं धरून स्टेशनमास्तर त्या पट्ट्यात जाणाऱ्या गाडीला थांबवतो, सावध करतो आणि सावकाश जायला लावतो. एका माणसाच्या वेळेवर पोहोचण्यावर राजधानीचा वेग ठरतो! आता बऱ्याच ठिकाणी गस्तवाल्यांकडे जीपीएसही असतं, पण त्यामागचा विचार याच वहीचा आहे.

ती पाच मिनिटं

पाच मिनिटांत अर्धा किलोमीटर म्हणजे ताशी सहा किलोमीटर. मैदानावर हा वेग कुणालाही जमेल असं वाटतं. ज्याला वाटतं त्याने रुळांमधून दिवसाउजेडी पन्नास पावलं चालण्याची कल्पना करावी. स्लीपरमधलं अंतर साधारण ६० सेंटिमीटर. एकेका स्लीपरवर पाय टाकला तर पाऊल आखूड पडतं, एक सोडून टाकला तर ढांग लांब होते, आणि मधे खडी, जिच्यावर घोटा कधी मुरगळेल सांगता येत नाही. पावसाळ्यात सिमेंटचे स्लीपर ओले असतात. अर्धा किलोमीटर म्हणजे आठशेच्या वर स्लीपर, तेही अंधारात आणि समोरून गाडी येतेय हे माहीत असताना.

नियमाने ६०० आणि १२०० मीटर अंतर मागितलंय ते उगीच नाही. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दर सेकंदाला २५ मीटर कापते, म्हणजे अर्धा किलोमीटर वीस सेकंदांत. ट्रॅकमनना नियमाचं अंतर मिळवायला वेळच नव्हता. जेवढं पुढे जाता येईल तेवढं जायचं, तेवढाच ब्रेकला वाव. गाडी जोडाच्या अलीकडे थांबली यात लोको पायलटचाही मोठा वाटा आहे. अंधारात हालणारा इशारा बघून, काय झालंय ते न कळताही ताबडतोब ब्रेक लावणं हीसुद्धा वर्षानुवर्षांच्या शिस्तीची गोष्ट आहे. त्यांच्याविषयी बातम्यांत फारसं काही आलं नाही.

क्रमही बघण्यासारखा आहे. दोष दिसल्या दिसल्या ते धावत सुटले नाहीत. आधी स्थानक, कारण सिग्नल हाती असेल तर तोच सगळ्यात खात्रीचा उपाय. ते जमलं नाही म्हटल्यावर लोको पायलट. तेही होत नाही म्हटल्यावर पाय. काही मिनिटांच्या आत तीन उपाय, खात्रीच्या उतरत्या क्रमाने. घाबरलेला माणूस इतकं रांगेत वागत नाही.

इथे एक गोष्ट बोलली पाहिजे. या मार्गावर सरासरी किलोमीटरभर अंतराने आपत्कालीन दूरध्वनीची सॉकेटं आहेत, वॉकीटॉकी आहेत, स्थानकांवर व्हीएचएफ, म्हणजे बिनतारी, संच आहेत. तरीही त्या पहाटे लोको पायलटपर्यंत आवाज पोहोचला नाही. धावेचं कौतुक करताना त्यांना धावावं का लागलं हा प्रश्न झाकला जाऊ नये. त्यांच्या जागी पाय दुखावलेला, वयाने पन्नाशीच्या पुढचा कुणी असता तर? लाईनवर उभ्या असलेल्या माणसाचा आवाज इंजिनात पोहोचलाच पाहिजे ही व्यवस्था पक्की करणं, हा मला त्यांचा १५ हजारांहून मोठा सन्मान वाटतो.

आठवडा कोणता होता

७ सप्टेंबर २०२४ ला गणेश चतुर्थी होती, म्हणजे हे सगळं घडलं ते कोकण रेल्वेच्या वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या आठवड्यात. जादा गाड्या भरभरून चाकरमान्यांना गावी आणत होत्या. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा पट्टा २०२१ मध्ये दुहेरी झाला, बाकी मार्ग बहुतांश एकेरी आहे. कर्नाटकात एक गाडी घसरली तर तिच्यामागून येणाऱ्या आणि समोरून निघालेल्या गाड्यांची रांग पार गोवा, सिंधुदुर्ग, रत्नागिरीपर्यंत अडकते. राजधानीतल्या प्रवाशांचा जीव वाचला ही पहिली गोष्ट. त्याचबरोबर कुडाळ-कणकवलीच्या कितीतरी घरांत मूर्ती वेळेवर मखरात बसली, आणि त्या घरांना कुमठ्याजवळ काय झालं याचा पत्ताही नव्हता.

त्याच वर्षी जुलैत उलट अनुभव आला होता. १४ जुलैला दिवाणखवटी आणि विन्हेरे यांच्या दरम्यान नातूवाडी बोगद्याच्या तोंडाशी दरड आली आणि मार्ग जवळपास एक दिवस बंद राहिला. प्रवासी अडकले, एसटीने पुढे गेले, चिडले. त्यांचं चिडणं स्वाभाविक होतं. भर पावसात, वरून आणखी माती येईल या भीतीखाली, रात्रभर चिखल उपसून दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत मार्ग मोकळा करणारे मात्र कुणाच्या कॅमेऱ्यात फारसे आले नाहीत. मार्ग बंद झाला की बातमी होते. सुरू झाला की बातमी संपते.

बक्षीस कशाला मिळतं

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त छळणारा मुद्दा हा. त्या पहाटे जोड नीट असता तर ट्रॅकमननी तेवढंच अंतर चाललं असतं, तेवढ्याच बारकाईने बघितलं असतं, वही दिली असती आणि घरी जाऊन झोपले असते. काम तंतोतंत तेच. बक्षीस शून्य. म्हणजे आपण कौतुक करतो ते दोष सापडण्याचं. जिथे दोष निर्माणच होऊ दिला नाही, अशा गँगचं कौतुक करायची आपल्याकडे रीतच नाही. एखाद्या मुकादमाच्या हद्दीत सबंध पावसाळ्यात एकही गाडी अडली नाही, तर त्याने गटारं वेळेत साफ करून घेतली, खडी भरून घेतली, ढिल्या क्लिपा वेळीच बदलून घेतल्या असं धरायला हवं. आपण नशीब चांगलं म्हणतो.

रेल्वेत विभागांना कार्यक्षमतेच्या ढाली मिळतात, आणि त्या कार्यालयात साहेबांच्या मागच्या कपाटात शोभतात. त्यातली एखादी कटिंगजवळच्या गँग हटमध्ये वर्षभर ठेवायला काय हरकत आहे? बक्षीस एकट्याला देण्यापेक्षा गँगला द्यावं असंही मला वाटतं. गस्तीवरचा माणूस निर्धास्त चालतो, कारण दिवसा इतर दहाजणांनी ती लाईन बांधून ठेवलेली असते.

आणि हे काम जिवावरचं आहे. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ च्या अहवालात नोंदवलं होतं की आधीच्या चारेक वर्षांत सुमारे १६०० रेल्वे कर्मचारी कामावर असताना मृत्युमुखी पडले. रेल्वे अपघातांत दगावलेल्या प्रवाशांपेक्षा हा आकडा मोठा होता. त्यांतले कितीतरी रुळावर काम करणारे. पाठीमागून येणाऱ्या गाडीचा इशारा देणारं ‘रक्षक’ नावाचं उपकरण आता रेल्वेत आलं आहे. ते प्रत्येक गँगपर्यंत, प्रत्येक गस्तवाल्यापर्यंत पोहोचावं, घसरणार नाहीत असे बूट, गळणार नाही असा रेनकोट आणि पहारेकऱ्याला कोरडी खोली मिळावी, ही मागणी लावून धरणं प्रवासी संघटनांनाही शक्य आहे. आपल्या संघटना थांबे मागतात, डबे मागतात. या मागण्या रास्तच आहेत. त्याच निवेदनात हा एक परिच्छेद घालायला कितीसा वेळ लागतो?

नवी गाडी पहिल्यांदा स्थानकात आली की लोको पायलटला हार घालायची कोकणात प्रथा आहे. ती चांगलीच आहे. पावसाळी वेळापत्रक संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आपल्या स्थानकाच्या हद्दीतल्या गँगला आणि गस्तवाल्यांना बोलावून असाच कार्यक्रम एखाद्या गावाने केला तर स्टेशनमास्तर आनंदाने नावं देतील अशी माझी खात्री आहे. आबांना मी विचारलं होतं, नोकरीच्या काळात कुणी प्रवासी कधी काही बोललं का? त्यांनी बराच विचार केला आणि सांगितलं, पावसात गाडी हळू केली की खिडकीतून लोक ओरडायचे, काम लवकर आटपा म्हणून.

लेखी कौतुकाची किंमत तोंडी कौतुकापेक्षा जास्त असते, कारण ते नोकरीच्या कागदांत लागतं. पत्र स्टेशनमास्तरांच्या नावे द्यावं किंवा विभागीय कार्यालयाला पाठवावं. त्यात ‘कोकण रेल्वेचे आभार’ एवढंच लिहू नये, तसं पत्र कुणाच्याच टेबलावर थांबत नाही. कोणत्या दोन स्थानकांच्या मधला पट्टा, कोणती तारीख, शक्य असेल तर लाईनकडेच्या खांबावरचा किलोमीटरचा आकडा लिहावा. एवढं असलं की ते नेमक्या गँगच्या मुकादमापर्यंत पोहोचवता येतं.